पाचवं पान

परवा कॉलेजातल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, या सेमला सायकॉलॉजिकल थ्रिलरचं ओपनिंग करायचंय. तुमच्या बाजूला एखादा पडका वाडा आहे का? विहीर असली तर बेस्ट."

विहीर आहे. वाडापण आहे, पण तो भाऊबंदकीत अडकलाय. दाराला दोन कुलपं आणि दोन चुलत्यांचे दोन बोर्ड. खरं सांगायचं तर कोकणात त्याहून भीतीदायक लोकेशन मिळणार नाही, पण तिला ते सांगून उपयोग नव्हता. उत्तर लिहायला बसले आणि लिहीतच गेले. शेवटी म्हटलं, हे एकटीला पाठवण्यापेक्षा इथेच टाकावं.

आमचंही तेच होतं. मास मीडियाचं शेवटचं वर्ष, चौघांचा ग्रुप, दोन मिनिटांचं ओपनिंग. पूर्ण फिल्म नाही, फक्त सुरुवात, टायटल्ससकट. पहिली स्क्रिप्ट कॅन्टीनमध्ये वीस मिनिटांत झाली. मुलगी समुद्रावर पाठमोरी उभी, हातात सुरी, कट टू पडकं घर, आणि रेडिओवर बातमी की रत्नागिरीच्या हॉस्पिटलमधून कोणीतरी पळालंय. आमच्या सिंधुदुर्गात कोणी जरा विचित्र वागलं की "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया" असं म्हणायची पद्धतच आहे. राज्यातल्या मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे, एवढाच त्या थट्टेचा आधार. आम्हाला ते फार लोकल, फार ऑथेंटिक वाटलं होतं.

पहिला शॉट शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर घेतला. रविवार, संध्याकाळी पावणेसहा, मागे सुरूचं बन, पाणी मुलीच्या घोट्याला लागतंय. सुंदर आला. मग उजेड गेला, तेव्हा उरलेले शॉट पुढच्या रविवारी, त्याच वेळी, त्याच जागी. कंटिन्युइटी म्हणून ड्रेस न धुता ठेवला, वेणीचा फोटो काढून ठेवला, बांगड्या मोजल्या.

पुढच्या रविवारी गेलो तर समुद्रच नाही. म्हणजे होता, पण शे-दीडशे पावलं लांब. मध्ये नुसती ओली वाळू आणि खेकड्यांची बिळं. जाळं विणत बसलेले एक म्हातारे आमची तोंडं बघत होते. म्हणाले, "गेल्या आयतवारी अष्टमी होती, आज पुनव. तिथीची पाऊणपट करूक तुमका कॉलेजात शिकवल्यानी नाय?"

नाही शिकवलं. हिशेब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती अकराच्या पुढे आणि साडेपाचच्या आसपास पक्की सुकती, म्हणजे ओहोटी. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आठवड्यात सहा तास, की झालं सगळं उलटं. त्यात पुनवेचं उधाण, म्हणजे पाणी चढतं तेवढंच लांब ओसरतंही. जन्मापासून समुद्राकाठी राहून आम्ही बांगड्या मोजल्या आणि समुद्र मोजला नाही.

तो शॉट फुकट गेला ते बरंच झालं. परत येताना टमटममध्ये आमच्यातली एकजण, जी एरवी सगळ्यात जास्त बोलते, ती गप्प होती. मग म्हणाली, माझी मावशी रत्नागिरीला दोन महिने होती. आता घरी आहे, गोळ्या घेते, गणपतीत पन्नास माणसांचं जेवण एकटी उरकते. तिला मी ही फिल्म दाखवू का?

कोणीच काही बोललं नाही. टमटमवाल्याने रेडिओ लावला.

'सायकॉलॉजिकल' हा शब्द आम्ही, आणि आमच्यासारखे ढीगभर ग्रुप, कसा वाचतो यावर मी तेव्हापासून चिडलेली आहे. आपण त्याचा अर्थ 'वेडा माणूस' असा घेतो आणि वेडा म्हणजे सुरीवाला. मग केस पिंजारा, डोळे वटारा, कॅमेरा तिरका धरा. हा आळस आहे. मन ज्याचं हलायला पाहिजे तो बघणारा. पडद्यावरच्या बाईनं केस पिंजारून आपलं मन हलत नाही, उलट आपण निश्चिंत होतो: ही वेडी आहे, मी नाही.

भुताचंही तेच. आमची आजी आरवलीजवळ राहते. तिथल्या वेतोबाला लोक चामड्याच्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. ज्या गावात हे जेवताना सांगतात, तिथे पांढरी साडी नेसवून कोणाला घाबरवणार? देवचार, राखणदार, चकवा हे आमच्याकडे शेजारी असल्यासारखे आहेत. मुंबईच्या पोरांना कोकण म्हटलं की भूत आठवतं, त्याला आमचा इलाज नाही. प्रोजेक्ट बघायला आलेल्या एका पाहुण्यांनीही नंतर विचारलंच, "अहो, कोकणात राहून भूत नाही?"

तर नवीन स्क्रिप्ट. आजीच्या घरची वळई, म्हणजे आतली खोली, रात्रीचं जेवण. बाई पानं घेते. घरात माणसं चार, ती पानं वाढते पाच. सगळे जेवतात, पाचव्या पानाकडे कोणी बघत नाही. बस.

एकाने शंका काढली की लोकांना हे म्हाळाचं पान वाटेल, पितरांना वाढलेलं. बरोबर होतं. तसं वाटलं तर भीती संपलीच, कारण कोण आलंय ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून केळीचं पान टाळलं, स्टीलचं ताट घेतलं आणि वाढलं बांगड्याचं तिखलं. आमच्याकडे म्हाळाला कोणी बांगडा वाढत नाही. एवढ्या एका माशानं पितर बाजूला गेले आणि प्रश्न तिथेच राहिला. (चौथ्या टेकला तो बांगडा मांजर घेऊन गेलं. पुढच्या सगळ्या टेकमध्ये पाचव्या ताटात नुसता रस्सा आहे, नीट बघितलंत तर दिसेल.)

बाई म्हणून आजीलाच बसवलं. तिनं विचारलं, "काय गो चेडवा, माका काय करूचा हा? तोंड कसा ठेवू?" मी म्हटलं, काही करू नको, आज भांडी कोण घासणार एवढाच विचार कर. तो विचार तिला सहज जमतो, आयुष्यभर केलाय.

हे मी कुलेशोव्हवरून उचललं होतं. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात या दिग्दर्शकानं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, आणि बघणाऱ्यांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. नटानं काहीच केलं नव्हतं. वर्गात हे आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. एडिटिंगला बसल्यावर आजीच्या त्या भांडी-कोण-घासणार चेहऱ्यापुढे रिकाम्या पाटाचा शॉट लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. माझीच आजी. मी उठून आत जाऊन तिला बघून आले.

हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्हाला शिकवतीलच, त्यानं १९६२ साली त्रूफो या फ्रेंच दिग्दर्शकाशी गप्पा मारताना सांगितलेलं. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारताहेत, तर पंधरा मिनिटांची घालमेल. आमच्याकडे बॉम्ब नव्हता. पण पाचवं ताट आपल्याला दिसतंय आणि चौघं बांगड्याचे काटे काढण्यात दंग आहेत, ही घालमेल त्याच जातीची.

टेक्निकलमध्ये एकच गोष्ट सांगते, कारण त्यात आमची अख्खी रात्र गेली. फोन ऑटोवर होता, सेकंदाला ३० फ्रेम. वळईत जुनी ट्यूबलाइट. शूट केलेलं लॅपटॉपवर बघितलं तर भिंतीवर काळे पट्टे वरून खाली सरकताहेत. ग्रुपमधला एकजण खूश, म्हणे इफेक्ट आपोआप आला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मावळते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या एक-पन्नासांश किंवा एक-शतांशवर लॉक केलं की पट्टे जातात, आणि २५ फ्रेमवर घेतलं तर हिशेब आणखी सोपा. आम्ही पुन्हा सगळं शूट केलं. ट्यूब बंद करून एकच बल्ब लावला, त्यापुढे आजोबांचं जुनं धोतर धरलं. धोतराएवढा मऊ उजेड भाड्याच्या लाइटनं आला नसता.

टायटल्सचं दुःख वेगळंच. इंग्रजीत ओरखडे काढलेले भीतीदायक फॉन्ट फुकटात शेकडो मिळतात. देवनागरीत शोधलं तर लग्नपत्रिका नाहीतर निवडणूक. शेवटी न्हाणीत गेलो. चुलीच्या धुरानं भिंत काळीकुट्ट झालेली, त्या काजळीवर बोटानं अक्षरं काढली. आणि तिथे एक गंमत सापडली: शिरोरेषेशिवाय अक्षरं लिहून ठेवली की क्षणभर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात, काहीच लागत नाही. मग बोट येतं, वरून एक आडवी रेघ ओढतं, आणि 'पाचवं पान' वाचता येतं. हे शिरोरेषेच्या लिपीतच होऊ शकतं आणि मला त्याचा अजून माज आहे.

आता आवाज. सुरुवातीला पडदा काळा आहे. पंधरा सेकंद फक्त खर्र, खर्र, खर्र. आडाळ्यावर नारळ खवण्याचा आवाज, फोन अगदी जवळ धरून घेतलेला. कॉलेजात दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आवस खोबरां किसता!" आणि हॉल हसला. मी खुर्चीत गाडले गेले. पण नंतर पुण्याच्या आतेभावाला पाठवलं तर त्याचा उलटा फोन: काय खणताहेत ते? हाड आहे का? तो शेवटपर्यंत दचकून होता. तोच आवाज. आमच्या लोकांना त्यात दुपारचं जेवण ऐकू आलं, त्याला कबर. मग आपण फिल्म कोणासाठी करतोय, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. स्क्रिप्ट लिहिताना यायला हवं होतं. आता करायची झाली तर मी तो आवाज ठेवीन, पण नारळ नीट खवून झाल्यावरही तो थांबणार नाही. तो हॉल तिसाव्या सेकंदाला हसला नसता.

आणि ज्याचं सगळ्यात कौतुक झालं ते. ताटांशेजारी पाच फुलपात्रं आहेत, पाण्यानं भरलेली. पहिल्या वाइड शॉटमध्ये पाचवं काठोकाठ आहे. शेवटच्या क्लोजअपमध्ये ते अर्धं. मध्ये त्याला कोणी हात लावलेला नाही. सरांनी तिथे पॉज केलं, मागे नेऊन पुन्हा लावलं आणि म्हणाले, हा डिटेल कोणाचा? चौघांनीही एकमेकांकडे बघितलं आणि मी हात वर केला. दोन मार्क त्याचे वेगळे मिळाले.

तो डिटेल नव्हता. ती चूक होती, समुद्रासारखीच. पाणी मोजायला आम्ही दुसऱ्यांदा विसरलो होतो. मी एडिटिंगलासुद्धा ते बघितलं नव्हतं. वर्षभर मी तो माझा विचार म्हणून सांगत फिरले, दोन इंटरव्ह्यूत सांगितलं, आणि आज ज्युनिअरला लिहिताना पहिल्यांदा खरं लिहितेय.

गेल्या मे महिन्यात आजीला टीव्हीवर लावून दाखवलं. ती स्वतःकडे न बघता भिंतीवरचं जळमट बघत होती, ते काढलं का नाही म्हणून मला ओरडली. फुलपात्राचा शॉट आला तेव्हा मी पॉज केलं आणि विचारलं, आजी, हे पाणी कमी कसं झालं असेल?

"मियांच पिलंय," ती म्हणाली. "चार तास बसवलास माका थंय. पाण्याचो थेंब कोणी इचारूक नाय."