खानापूरच्या जंगलात पोलिसांचं अपहरण झालेलं नाही

परवापासून आपल्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘खानापूरच्या जंगलात अतिरेक्यांनी तीन पोलिसांना घरातून उचलून नेऊन मारलं, बाकीचे राजीनामे देताहेत.’ ही बातमी इथली नाही आणि आत्ताचीही नाही.

ही घटना काश्मीरमधल्या शोपियान जिल्ह्यातली, सप्टेंबर २०१८ ची. अतिरेक्यांनी घरांत शिरून तिघांना नेलं, पुढे त्यांचे मृतदेहच सापडले. त्यांच्यात ‘एसपीओ’, म्हणजे विशेष पोलीस अधिकारीही होते. नावात ‘अधिकारी’ असलं तरी ही कायम नोकरीतली माणसं नव्हेत. मानधनावर राबणारी तिथल्याच गावांतली पोरं. त्याआधी ऑगस्टअखेरीस दक्षिण काश्मीरमध्ये पोलिसांच्या नातेवाइकांनाही पळवलं होतं. त्यांना मात्र सोडून दिलं. राजीनाम्यांचे व्हिडिओही तेव्हाचेच, आणि त्यावरच्या बातम्या खोट्या आहेत असं केंद्रीय गृहमंत्रालयाने लगेच सांगितलं होतं.

कुणीतरी शोपियान काढून खानापूर घातलं, तारीख खोडली. जांबोटीकडच्या आमच्या एका काकूंचा मुलगा पोलिसात आहे. मेसेज ऐकून त्या भाकरी तव्यावर तशीच टाकून आमच्याकडे आल्या, हातांना पीठ तसंच. मुलगा ड्युटीवर, फोन लागेना. त्याचा आवाज ऐकेपर्यंत तासभर त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी कृपया त्याच ग्रुपवर हा खुलासा आजच टाकावा.