पाणथळ परत आणली की नायट्रेट आपोआप जाते?

पाणथळी म्हणजे धरतीची मूत्रपिंडे. शेताचा सखल कोपरा सोडून दिला की तिथल्या वनस्पती खतातले नायट्रेट शोषून घेतात आणि पाणी आपोआप शुद्ध होते, असे सांगणारा मजकूर हातोहात फिरतो आणि पुराव्यादाखल अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे नाव घेतले जाते. आयोवाचा प्रत्यक्ष अनुभव वेगळा आहे.

पहिली चूक श्रेयाची. पाणकणीस वाढताना नायट्रेट घेते हे खरे, पण ते वाळून कुजले की त्यातला बराचसा नायट्रोजन पुन्हा पाण्यात उतरतो. कायमचा निकाल लावतात ते गाळातले जिवाणू. फावड्याने गाळ उलटून पाहिला तर वरचा काही मिलिमीटरांचा थर तपकिरी दिसतो आणि त्याखाली काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल लागतो. तपकिरी थर संपतो तिथे ऑक्सिजनही संपतो. मग जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायुरूपाने हवेत जातो. या कामाला कार्बन लागतो व तो पुरवते हेच कुजणारे पाणकणीस. वनस्पती हव्यातच, पण मुख्यतः जिवाणूंचे खाद्य म्हणून.

‘कुठलाही कोपरा चालेल’ हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. आयोवातल्या शेतांत साधारण सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र निचरा नळ पुरलेले असतात (सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनींत घालतात त्याच धर्तीचे), आणि नायट्रेट या नळांच्या, दिसायला अगदी नितळ अशा पाण्यातून थेट ओढ्याला मिळते. पक्ष्यांसाठी पुन्हा भरलेल्या तळ्याच्या खालून किंवा बाजूने हे नळ निघून जात असतील, तर तळे कितीही देखणे असले तरी ओढ्यातले नायट्रेट जिथल्या तिथेच राहते. म्हणूनच २००१ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पाणथळ योजनेत नळांचे पाणी अडेल अशीच जागा निवडतात आणि तळ्याचे क्षेत्र पाणलोटाच्या साधारण ०.५ ते २ टक्के ठेवतात. पाण्यात जाणारी खतद्रव्ये कमी करण्याच्या राज्याच्या २०१३ च्या आराखड्यात पाणथळीमुळे होणारी नायट्रेटमधील सरासरी घट ५२ टक्के धरली आहे, ती अशा नेमक्या जागी बसवलेल्या पाणथळीची. सोडून दिलेल्या कोपऱ्याला तो आकडा चिकटवणे ही दिशाभूल आहे.

‘जितकी मोठी तितकी चांगली’ हेही अर्धसत्यच. पाणी आत येण्याची जागा आणि सांडवा जवळजवळ असले तर पाणी सरळ वाट काढून निघून जाते आणि उरलेले तळे नुसतेच पसरलेले राहते. बांध घालून पाण्याला वळसा द्यावा लागतो, पाणी उथळ ठेवावे लागते.

राहिला ‘आपोआप’ हा शब्द. नायट्रेटचा मोठा लोंढा येतो वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा प्रवाह जोरात असल्याने पाणी तळ्यात फार थांबत नाही, आणि वसंताच्या सुरुवातीला ते थंड असल्याने जिवाणूही मंद असतात. नदीत येणाऱ्या अशा लोंढ्यांमुळेच राजधानी डे मॉइनच्या जलपुरवठा यंत्रणेला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नायट्रेट काढणारा स्वतंत्र प्रकल्प चालवावा लागतो. तिथली पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ती नायट्रोजनमध्ये मोजतात, म्हणून आपल्याकडच्या ४५ मिलिग्रॅम नायट्रेटच्या मर्यादेहून ती कडक वाटली तरी दोन्ही जवळपास सारख्याच. जून २०२५ मध्ये तो प्रकल्प चालू असतानाही पाण्याची मागणी कमी करण्यासाठी डे मॉइन परिसरातल्या लोकांना हिरवळीला पाणी घालण्याची मनाई करावी लागली.