‘४९७ खाली अटक होणार’ : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

एखाद्या नेत्याचं विवाहबाह्य प्रकरण बाहेर आलं की ‘४९७ खाली अटक होणारच’ असा मेसेज फिरतो. तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी जुन्या भारतीय दंड संहितेतलं ते व्यभिचाराबद्दलचं कलम ४९७ रद्द केलं. ते होतं तेव्हाही त्यात फसवल्या गेलेल्या बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता, हा उघड अन्याय होता. ‘म्हणजे आता सगळं माफ’ हेही खोटं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली या कारणावरून घटस्फोट मागता येतो.

हिंदू नवऱ्याने पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या (दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद. मात्र गळ्यात हार घातलेला फोटो पुरत नाही. सप्तपदीसारखे आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६५ साली आरोपी याच मुद्द्यावर सुटले.