कौतुकापेक्षा सवलत हवी
रोजच्या रेल्वेप्रवासाने इंटर्नशिप करणारी मुले कणखर होतात, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील मत मला अर्धेच पटले. आमच्याकडची मुले रोज ये-जा करतात ते कुर्डुवाडी ते सोलापूर हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे आणि मासिक पासामुळे खर्चही आवाक्यात राहतो. परंतु हा पास सर्वसाधारणपणे अनारक्षित डब्यापुरताच चालत असल्याने, लांबून भरून आलेल्या गाडीत चढणाऱ्या मुलाला सोलापूरपर्यंत दाराशी उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याचे काम चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत आहे त्याची तऱ्हा तर वेगळीच. ही वसाहत पुणे महामार्गावर मोहोळच्या बाजूला आहे, त्यामुळे एक्सप्रेसने आलेला मुलगा ती मागे टाकून सोलापूर स्थानकात उतरतो आणि मग बसने पुन्हा उलटा जातो. (मोहोळकरांनी सरळ एसटी धरावी, हे माझे प्रामाणिक मत.) पुण्याची रोजची ये-जा मनातही आणू नये, कारण पासाची अंतरमर्यादा १५० किलोमीटर आहे आणि पुणे त्याहून लांब आहे. मुलांच्या सोशिकतेचे कौतुक जरूर व्हावे, मात्र गाडीची वेळ पाहून हजेरीत अर्ध्या तासाची सवलत देणे आणि विद्यावेतनात पासाची रक्कम वेगळी धरणे आस्थापनांना अवघड नाही.