गुण नंतर, आधी खोली

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो: खेळाडूंना वाढीव गुण द्यावेत का? पुण्याचा दादा म्हणतो, सर्टिफिकिटांचा बाजार झालाय, बंद करा. नाशिकची आतेबहीण म्हणते, मग पोरींना खेळायला पाठवेल कोण? सिअ‍ॅटलला बसून मी एरवी नुसतं वाचते. यंदा राहवलं नाही.

माझा सकाळचा फेरा माँटलेकच्या पुलावरून असतो. खालच्या कालव्यातून युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या मुलींच्या होड्या जातात. धुक्यात आधी ऐकू येतो कॉक्सचा आवाज. ही होडीतली सगळ्यात लहान चणीची पोर. वल्हं मारत नाही, सुकाणू धरते आणि आठ धिप्पाड मुलींना दरडावते. मग आठ वल्ही एकदम फिरल्याचा ‘खट्’. 2017 आणि 2019 मध्ये या संघाने राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेतल्या तिन्ही शर्यती मारल्या.

गंमत म्हणजे अशा संघांत कॉलेजात येईस्तोवर वल्हं न धरलेल्या मुलीही असतात. शाळेत पोहलेली, बास्केटबॉल खेळलेली उंच मुलगी हेरायची, रोइंग (वल्हवण्याच्या) मशीनवर 2000 मीटरची वेळ घ्यायची, मग पाण्यात उतरवायचं. आपल्याकडे त्या वयात बहुतेकींचा खेळ सुटलेला असतो.

हे काही अमेरिकेचं औदार्य नाही. (इथली फी ऐकलीत तर औदार्य हा शब्दच विसराल.) 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करायला बंदी केली. म्हणजे खेळातही मुलींना बरोबरीची संधी द्यायला हवी. अमेरिकन फुटबॉलच्या एकेका संघात शंभरेक मुलगे. तेवढ्या मुली आणायच्या कुठून? रोइंगच्या एका होडीत नऊ मावतात. सरळ हिशेब.

पण नुसत्या कायद्यानेही भागलं नाही. येल विद्यापीठात रोइंगच्या सरावानंतर मुलगे गरम पाण्याने आंघोळ करायचे आणि मुली थंडीत ओल्या कपड्यांनी बसमध्ये त्यांची वाट बघायच्या. 1976 मध्ये क्रिस अर्न्स्ट आणि तिच्या 18 सहकारी क्रीडा विभागातल्या बाईंच्या ऑफिसात गेल्या आणि कपडे उतरवले. अंगावर लिहिलं होतं, ‘टायटल नाइन’. बातमी छापून आली, मग सोय झाली.

म्हणून ग्रुपवर लिहिलं: वाढीव गुण काय, खेळाडूंना सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण काय, दोन्ही खेळून झाल्यावरची बक्षिसं. त्याआधीचं काय? पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेचा बोट क्लब 1928 पासून आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर, विशीत वल्हवायला शिकला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. म्हणजे उशिरा शिकूनही जमतं. त्याला लष्कर होतं. आमच्या भाचीच्या हातात वल्हं कोण देणार?

दादाने अंगठा टाकला. आतेबहिणीचा मेसेज रात्री उशिरा आला: “वल्हं राहू दे गं. हिच्या कबड्डीच्या मैदानावर बाथरूमला कुलूप असतं, आणि किल्लीवाला शिपाई दहाला येतो. सराव सहाला.”