मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं एक चेंबर आहे. पावसाळ्यात ते हमखास चोकअप होतं आणि घाण पाणी थेट जिन्याखाली येतं. पूर्वी असं झालं की शेजारच्या काकू नगरसेवकाला चहाच्या टपरीवर गाठायच्या. "मतं मागायला आलास तेव्हा हा जिना चढला होतास ना?" असं चारचौघांत सुनवायच्या. संध्याकाळपर्यंत मुकादम जेटिंगची गाडी घेऊन हजर.

मग नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झालीच नाही, आणि महापालिकेवर प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी, आला. पुढच्या पावसाळ्यात मी ॲपवर तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा 'तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज आला, माणूस एकदाही आला नाही. काकू म्हणाल्या, "आता धरायचं कुणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे तर २०२० पासूनच प्रशासक. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचा घोळ. मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असं संविधानाचं कलम २४३ यू सांगतं. तरी सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला आणि मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला.

आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यावर हरकती घेते, सर्वसाधारण सभा मंजुरी देते. प्रशासकाच्या काळात हे सगळे अधिकार एकाच माणसाकडे होते. मुंबईचं २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं अंदाजपत्रक असंच मंजूर झालं, सभागृहात एका शब्दाची चर्चा न होता. आणि प्रशासकाची नेमणूक, बदली सगळं मंत्रालयातून. मग त्याचं लक्ष आमच्या चेंबरकडे राहील की मंत्रालयाकडे?

पैशाची नाडी तर आधीच वर गेली होती. जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा कर) गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली आणि गेली, जुलै २०१७ मध्ये जीएसटीबरोबर मुंबईचीही जकात बंद झाली. आता नुकसानभरपाईच्या हप्त्यासाठी महापालिकांनी राज्य सरकारच्या तोंडाकडे बघायचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या करून गावाच्या हाती कारभार देणारं हेच आपलं राज्य, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रशासक होता तेव्हा कामं पटापट झाली, टक्केवारी थांबली, असं माझेच मित्र म्हणतात. नगरसेवक धुतल्या तांदळासारखे होते असं मीही म्हणणार नाही. पण स्थायी समितीत भांडणं व्हायची, म्हणून तर निविदांमधल्या भानगडी पेपरात यायच्या. बंद खोलीत सही झाली तर टक्केवारी थांबली हे तुम्हाला कळलं कसं?

आता सभागृह पुन्हा भरलंय. परवा काकूंनी नव्या नगरसेविकेला चेंबरपाशी नेऊन झाकण उघडून दाखवलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. काकूंनी त्यांचा नंबरही घेतलाय, आणि पाऊस जूनमध्ये येणार आहे.