कावळा, फांदी आणि नेपच्यून

‘ल व्हेरियेने गणिताने नेपच्यून शोधला, ही दंतकथा आहे. त्याचं अंतर चुकलं, कक्षा चुकली, वस्तुमानही चुकलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. शिवाय अ‍ॅडम्सने हेच आधी केलं होतं, आणि पुढे या गृहस्थाने नसलेला ग्रहसुद्धा शोधला!’ असा मजकूर हल्ली बराच फिरतो. त्यातले आक्षेप धादांत खोटे नाहीत, म्हणून तो पटतो.

आधी ते चुकलेले आकडे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेने नव्या ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर ३६ खगोलीय एकक (म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३६ पट) काढलं. खरं आहे ३०. वस्तुमान जवळपास दुप्पट धरलं गेलं. सूर्याभोवतीची फेरी त्याच्या हिशेबाने २१७ वर्षांची, प्रत्यक्षात सुमारे १६५. ‘हा योगायोगच’ असं हार्वर्डचे बेंजामिन पर्स १८४७ मध्येच म्हणाले होते, तेव्हा आक्षेप काही आजचा नाही.

पण प्रश्न होता, दुर्बीण कुठे वळवायची? युरेनस हिशेबाने ठरलेल्या वाटेवरून ढळत होता, आणि त्या ढळण्यावरूनच ल व्हेरियेने पलीकडच्या अज्ञात ग्रहाची जागा काढली. युरेनस आतल्या कक्षेतला, म्हणून वेगवान. १८२२ च्या सुमारास तो नेपच्यूनच्या शेजारून पुढे निघाला. तोवर नेपच्यून त्याला पुढे ओढत होता, नंतर मागे खेचू लागला. ही ओढ जाणवते ती या भेटीच्या मागच्यापुढच्या काही दशकांतच. त्यामुळे युरेनसच्या नोंदींमधून ग्रहाची दिशा नेमकी निघते, कक्षेच्या पलीकडच्या बाजूबद्दल फारसं काही कळत नाही. ल व्हेरियेची कक्षा लांबट निघाली, पण तिचं सूर्याजवळचं टोक नेमकं याच दशकांत येत होतं. १८४६ साठी तिच्यावरून अंतर निघतं ते साधारण ३३. उरलेला फरक जादा वस्तुमानाने भरून काढला. भेट नुकतीच होऊन गेली होती, एवढं नशीब मी मान्य करतो.

आणि निकाल काय लागला? ल व्हेरियेने १८ सप्टेंबर १८४६ ला पॅरिसहून लिहिलेलं पत्र २३ तारखेला बर्लिन वेधशाळेत योहान गाल यांच्या हाती पडलं. त्याच रात्री गाल दुर्बिणीतून ताऱ्यांच्या जागा सांगत गेले आणि दारेस्ट हा तरुण विद्यार्थी त्या ब्रेमिकरने केलेल्या ताऱ्यांच्या नव्या नकाशाशी ताडत गेला. नकाशात नसलेला तारा भाकितापासून एक अंशाच्या आत सापडला. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेचे (ग्रहही तिच्याच आसपास दिसतात), ३६० अंश मोकळे असताना!

अ‍ॅडम्सचा मुद्दा अर्धा खरा. केंब्रिजच्या या तरुणाने १८४५ मध्ये स्वतंत्रपणे गणित केलं, याबद्दल वाद नाही. पण त्याने ते छापलं नाही, ब्रिटनचे राजज्योतिषी (सरकारी मुख्य खगोलशास्त्रज्ञ) एअरींनी विचारलेल्या प्रश्नाला वेळेवर उत्तर दिलं नाही, आणि त्याची उत्तरं पुढे कित्येक अंशांनी सरकत राहिली. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ चॅलिस यांनी तिथून ऑगस्ट १८४६ मध्ये दोनदा नेपच्यूनची नोंद केली, पण ओळखला नाही. बर्लिनच्या त्या रात्री टेबलावर अ‍ॅडम्सचा कागद नव्हता.

राहिला नसलेला ग्रह, बुधाच्याही आतला मानलेला वल्कन. तिथे ल व्हेरिये फसला, हे खरंच. मात्र १८५९ मध्ये त्याने दाखवलेली बुधाच्या कक्षेतली तफावत, शतकाला ३८ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), खरी होती. आजचा आकडा ४३ आहे, आणि तिचं कारण १९१५ मध्ये आइनस्टाइनने दिलं.